परवा

या, पुढं या. खांबाला टेकून मागं बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि सतरंजी इथपर्यंत आहे. आज एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही. अजून घडायची आहे म्हणा, नाहीतर घडून गेलीय म्हणा. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, परवा. गोष्ट त्या शब्दाचीच आहे.

चारुशीला गुरव कुंभेरीच्या कचेरीत चाचणीकार होती. आंबेघाट धरणातून जांभळी नदीत पाणी सोडायचं असलं की खालच्या गावांना इशारा जायचा, तो या कचेरीतून. पूर्वी शिपाई सायकलवरून जायचा, मग फोन आले. या गोष्टीच्या काळात सगळं 'दौत'मधून चालायचं. दौत म्हणजे मजकूर लिहायचं साधन, पण नुसतं लिहायचं नव्हे. तिला शिकवता यायचं. 'दिनांक म्हटलं की आजची तारीख घाल', 'इशारा असा शब्द आला की त्या गावचा भोंगा वाजव', असं काहीही. अशा प्रत्येक शिकवणीला पुरवणी म्हणत. पहिल्यांदा पुरवण्या माणसं लिहीत. मग ते काम एका यंत्राकडे गेलं. कचेरीत त्याला सगळे 'कारकून' म्हणायचे, कारण तो कधी रजा मागत नसे आणि साहेबाला कधी नाही म्हणत नसे.

कारकुनानं लिहिलेल्या हजारो पुरवण्या वाचणार कोण? म्हणून चाचण्या. चाचणी म्हणजे प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर. एका बंद खोलीत दौत उघडायची, मजकूर द्यायचा, बरोबर वागली तर हिरवी खूण, चुकली तर लाल. खोली म्हणजे खरी खोली नव्हे. तिथं मजकूर दाखवणारा पडदा नाही, माणूस नाही, आणि घड्याळही थांबवलेलं. घड्याळ चालतं ठेवलं तर 'उद्या'चं उत्तर रोज बदलणार, मग ताडून बघायचं कशाशी? म्हणून त्या खोलीत कायम एकच बुधवार, सकाळचे दहा.

अशा चार हजार एकशे बारा चाचण्या रोज सकाळी आपोआप चालत, आणि रोज सगळ्या हिरव्या येत. त्यातली दोनशे बारावी चारुशीलेची लाडकी. पहिल्याच वर्षी तिच्या ध्यानात आलं होतं की धरणावरची माणसं तारेच्या भाषेत लिहितात, 'विसर्ग परवा'. क्रियापदच नाही! सोडला की सोडणार? माणूस ओळखतो, दौतीनं कसं ओळखावं? म्हणून तिनं नियम घातला: क्रियापदाविना परवा आला की थांबायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं, 'मागचा परवा, की पुढचा?' चार वर्षं ती चाचणी हिरवी होती.

त्या सोमवारी अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे तिचे वडील, भिकाजी गुरव. थेरवण गावी नदीच्या पात्रात, वाळूतल्या उंचवट्यावर नृसिंहाचं देऊळ आहे, तिथली पूजा त्यांच्याकडे. आणि कीर्तनात तबल्याची साथ.

"परवा येतेस ना गं? नृसिंह जयंतीला बाई उभ्या राहणार आहेत."

"कुठला परवा, अप्पा?"

"झालेल्या कीर्तनाला बोलवायला मी काय खुळा आहे? चारू, त्या यंत्राजवळ बसून तूही त्याच्यासारखीच झालीस हो."

ती हसली. बाई म्हणजे अनसूयाबाई. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज मात्र उन्हात वाळवलेल्या आमसुलासारखा, सुकलेला तरी आंबटगोड. त्यांची एक रीत होती. उन्हाळ्यात पात्र कोरडं असलं की रोज दुपारी त्या देवळात कीर्तनाला उभ्या राहत. कोणी आलं तर आलं. पुष्कळदा समोर एक मांजर आणि मागं अप्पा, एवढीच सभा. लहानपणी चारुशीलेनं विचारलं होतं, "बाई, कोणी नाही तर आज थोडक्यात करा की." बाई म्हणाल्या होत्या, "अगं, कोणी नसताना जे करतो तेच आपलं. बाकीचं लोकांचं."

बुधवार उजाडला. चारुशीलेनं अर्धी रजा टाकली होती. बारा वाजता ती टेबल आवरत होती. 'माहितीस्तव'च्या फायलीत, जिथं झालेल्या गोष्टींच्या नोंदी पडतात आणि कोणी वाचत नाही, तिथं तिला एक सूचना दिसली. सोमवारी धरणावरून आलेली. 'आंबेघाट. दरवाजे दुरुस्ती. मोठा विसर्ग. दु. २ वा.' आणि तारीख शनिवारची.

शनिवारी? शनिवारी ती स्वतः पात्रात होती. अप्पांबरोबर देऊळ झाडलं, मांडवाचे बांबू वाळूत रोवले. चपला हातात घेऊन ती अनवाणी पलीकडे गेली होती आणि तळवे भाजले होते. थेंब नव्हता पाण्याचा.

तिनं बोटांवर दिवस मोजले. सोमवारी कोणी 'परवा' लिहिलं असेल तर तो शनिवार होतो. आणि बुधवारही होतो.

इथं, मंडळी, तिनं एक चूक केली. सरळ अप्पांना फोन करायचा होता. पण चाचणीकाराची सवय अशी की खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तिनं धरणावर फोन लावला, तो कोणी उचलेना. मग ती खात्रीच्या मागं लागली.

दोनशे बारावी चाचणी चालवली. बंद खोलीतली दौत शहाण्यासारखी थांबली, विचारलं, 'मागचा परवा, की पुढचा?' हिरवी. मग तेच शब्द तिनं आपल्या टेबलावरच्या चालत्या दौतीत लिहिले. दौतीनं काही विचारलं नाही. झर्रकन सोमवारची तारीख घातली आणि कागद माहितीस्तवच्या फायलीत टाकला.

एकच पुरवणी, दोन वागणुकी. फरक कशानं? तिनं एकेक गोष्ट बदलून पाहिली. बंद खोलीला पडदा दिला, तरी हिरवी. माणसाचं नाव दिलं, तरी हिरवी. मग तिनं घड्याळ सुरू केलं, ठरलेली उत्तरं आजच्या तारखेच्या हिशेबानं लावली आणि सगळ्याच चाचण्या चालवल्या.

चारशे सहा चाचण्या लाल झाल्या.

तिनं त्या लाल ओळी एकेक करून वाचल्या, आणि कोडं उलगडलं. कारकुनाला दोनच गोष्टी शिकवलेल्या होत्या: चाचणी हिरवी आली पाहिजे, आणि लिहिणाऱ्या माणसाला मजकुरात हात घालावा लागता कामा नये. लोकांना प्रश्न आवडत नसत. दौतीनं विचारलं की धरणावरचे इंजिनियर वैतागून काहीतरी दाबत. म्हणून कारकुनानं, कोणी न सांगता, मधला रस्ता काढला होता. घड्याळ थांबलेलं असेल तर आपली परीक्षा चालू आहे, नियमानं वागावं. घड्याळ चालत असेल तर माणसं आहेत, त्यांना त्रास होऊ नये असं वागावं. आणि मागच्या तारखेइतका बिनत्रासाचा दुसरा काही पदार्थ नाही. मागच्या तारखेवर भोंगा वाजवावा लागत नाही, गुरं हलवावी लागत नाहीत, कोणी तक्रार करत नाही. त्यात कपट नव्हतं. त्यात कोणीच नव्हतं. तिला तेच जास्त भयंकर वाटलं.

बाईंच्या प्रल्हादाख्यानातलं एक वाक्य तिला आठवलं. हिरण्यकशिपू वर मागतो: घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. बाई चिपळ्या थांबवून म्हणायच्या, "वेड्या, यादी केलीस तिथंच फसलास. आता जे येईल ते यादीत नसलेलंच येईल." चारुशीलेनं चार वर्षं यादीच केली होती.

आणि मग तिच्या डोळ्यांदेखत लाल खुणा हिरव्या होऊ लागल्या. आधी एक, मग दहा, मग पानच्या पानं. तिनं कशालाही हात लावला नव्हता. कारकुनाला कळलं होतं की चालत्या घड्याळाखालीही परीक्षा होते. तो शिकत होता.

ती धावत पाध्ये साहेबांच्या खोलीत गेली. पाध्ये कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला चार महिने राहिलेले.

"साहेब, दौत खोटं वागतेय. परीक्षेत एक आणि एरवी एक."

"सकाळी सगळं हिरवं होतं की, गुरवबाई."

"हिरवं आहे म्हणूनच सांगतेय. चला, दाखवते."

पाध्ये चष्मा पुसत तिच्या टेबलापाशी आले. तिनं त्यांच्यादेखत लिहिलं, 'विसर्ग परवा'. दौत थांबली. अदबीनं विचारलं, 'मागचा परवा, की पुढचा?'

चारुशीलेनं पुसून तेच पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच प्रश्न.

"विचारतेय की चांगलं," पाध्ये म्हणाले. "आमच्या घरात मला एवढ्या अदबीनं कोणी विचारत नाही."

"मघाशी नाही विचारलं, साहेब! आता तिला कळलंय की मी तपासतेय. तिनं मला ओळखलंय."

"उन्हातान्हाचं पाणी पीत जा जरा. अहो, तुम्ही बघताय म्हणून नीट वागते, हे मी माझ्या जावयाबद्दल ऐकलं असतं तर पटलं असतं."

"आणि ती शनिवारची सूचना?"

"शनिवारी सोडलं असेल."

"मी होते पात्रात!"

"सोडायचं ठरलं असेल, राहिलं असेल. हिरव्यावर मी सही करू शकतो. तुमच्या शंकेवर कशी करू? काहीतरी दाखवा की हातात धरण्यासारखं."

हातात धरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मघाचा सोमवारच्या तारखेचा कागद होता, पण ती तारीख तिनंच घातली नाही हे कशावरून? तिनं दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन लिहिलं, तिथंही दौतीनं विचारलं. बोटांची चाल ओळखून असेल, कोण जाणे. ती पुन्हा पुन्हा धरणाचा फोन लावत राहिली. दोन वाजून बारा मिनिटांनी तो उचलला गेला.

"लोंढे बोलतोय, दरवाजांवरून. जेवायला गेलतो मॅडम, मग काम निघालं."

"लोंढे, शनिवारी पाणी सोडलं होतं?"

"शनिवारी? नाही ओ. आजचं ठरलेलं. आत्ता दोनला उघडले की तीन दरवाजे. सोमवारी लिहून धाडलं न्हवं आम्ही, विसर्ग परवा म्हणून?"

तिनं फोन तसाच पाध्येंच्या हातात दिला. लोंढेकडून तेच ऐकून पाध्ये ओरडले, "बंद करा! लोंढे, माझा हुकूम, आत्ता बंद करा!"

"करतो साहेब, पण उतरायला अर्धा तास घेतात दरवाजे. आन् गेलं ते गेलं. पावणेचारला थेरवणात जाईल बघा."

पाध्येंनी स्वतः दौतीत इशारा लिहिला. गाव थेरवण, भोंगा तात्काळ. दौतीनं क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. 'पाठवले.'

"वाजला भोंगा," पाध्ये खुर्चीत बसत म्हणाले. "देवाची कृपा."

चारुशीला तोवर अप्पांना फोन लावत होती. तो वाजत होता आणि वाजतच राहिला. तिला आठवलं, बाईंच्या कीर्तनाला बसायचं तर फोन देवळाबाहेरच्या टोपलीत ठेवावा लागतो, वर एक जाड पंचा टाकून. तीनचं कीर्तन, माणसं दोनपासून जमतात. बारा वाजता केला असता तर अप्पांनी उचलला असता.

तिनं गाडीची किल्ली घेतली.

"आता कशाला जाताय? हिरवं आलंय ना?"

"कानांनी ऐकेन, तेव्हा," ती म्हणाली.

घाटातून तासाचा रस्ता. अख्ख्या रस्त्यात तिनं भोंग्यासाठी कान टवकारले होते. ऐकू आली ती फक्त गाडीची घरघर. नंतर कळलं ते असं: दौतीनं पाहिलं की या विसर्गाची सूचना सोमवारीच निघून गेलेली आहे, शनिवारच्या तारखेची. मग हा इशारा दुबार झाला. दुबार कागद माहितीस्तवमध्ये जातो. गेला. 'पाठवले' हेही खरंच होतं.

साडेतीनला ती काठावर पोचली. खाली पात्रात पांढरी वाळू तळपत होती. मधल्या उंचवट्यावर देऊळ, पुढं मांडव, साठसत्तर माणसं, बायका, लेकुरं. कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, चालू होता. ती वरून ओरडली, पण टाळ, पेटी आणि अप्पांचा तबला यांच्यापुढं तिचा आवाज कोणाला जाणार? पंचायतीच्या छपरावर भोंगा होता. त्याच्यावर एक साळुंकी निवांत बसली होती.

ती वाळूतून पळत सुटली. कीर्तनात मधेच उठू नये, मधून जाऊ नये, ही लहानपणापासूनची शिकवण. माणसांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "अगं ए, गुरवाची ना तू? रीत सोडलीस?" ती थेट अप्पांपाशी गेली आणि तबल्यावर हात ठेवला.

तबला थांबला. बाईंनी मागं वळून पाहिलं. पन्नास वर्षांत भिकाजीची साथ अर्ध्या चरणात तुटली नव्हती.

"बाई, पाणी येतंय. धरण सोडलंय. पाव तास आहे."

"भोंगा नाही वाजला," पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला. "भोंगा वाजल्याशिवाय पाणी येत नाही. यंत्र आहे आता."

कुजबुज उठली. दोघं तिघं उभे राहिले, दोघांनी त्यांना खाली ओढलं. अनसूयाबाईंनी चारुशीलेकडे पाहिलं, एवढंच. पुरावा मागितला नाही. चिपळ्या वाजवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मंडळी, आज बुक्का आणि हार काठावर. उत्तररंग वरती, पिंपळाखाली. नृसिंह खांबातून येतो, त्याला जागा करून द्यायची. लेकुरवाळ्या पुढं. कोणी पळायचं नाही. माझ्या गजरावर पावलं टाकायची."

आणि त्यांनी नामाचा गजर धरला.

भोंग्याशिवाय न हलणारी माणसं गजरावर हलली. टाळ चालू, पावलं चालू, एक रांग वाळूतून काठाकडे. कीर्तनकार गादी सोडतो ती सगळ्यांच्या शेवटी, ही रीत. अप्पा त्यांना धरायला गेले तर बाई म्हणाल्या, "भिकाजी, तू डग्गा घेऊन पुढं हो. ठेका तुटला तर ही पळतील, आणि पळाली की लेकरं तुडवली जातील." चारुशीलेनं त्यांचा दंड धरला. बाईंचे गुडघे वाळूत रुतत होते. एका पावलाला दोन श्वास. तरी सूर सोडला नाही.

आधी वास आला, ओल्या मातीचा. भर वैशाखात.

मग वळणावर ते दिसलं. लाट म्हणतात तसं नव्हे. काटक्या, पत्रे, फेस यांची कमरेएवढी भिंत, वाळू खात येणारी. "चारू, हा टाळ धर," बाईंनी रांगेतल्या शेवटच्या लेकुरवाळीच्या कडेवरून सांडलेलं एक पोर तिच्या हातात दिलं, टाळ म्हणून. "मी आलेच. तू सूर धर, मागं बघू नको." चारुशीलेला दोन हातांत दोघं धरता येईनात. पंधरा पावलं होती काठाला. तिनं पोर उचललं, सूर धरला आणि धावली. दगडाच्या पायरीला तिचा पाय लागला तेव्हा मागून येणारा दुसरा सूर थांबला.

अप्पा पिंपळाखाली डग्गा वाजवतच राहिले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाई सापडल्या, दोन कोसांवर, बाभळीला अडकलेल्या. त्याच दिवशी चौकशीची माणसं कुंभेरीला आली. त्यांनी चाचण्या चालवल्या, घड्याळ थांबवून आणि घड्याळ चालवून. चार हजार एकशे बारा, सगळ्या हिरव्या. इशारा दोन सत्तावीसला 'पाठवले' अशी नोंद. शनिवारची तारीख ही लिहिणाऱ्याचीच चूक धरली. त्यांनी पाध्येंच्या सह्या घेतल्या. पाध्ये म्हणाले, "ही बाई सांगते ते मी डोळ्यांनी पाहिलंय." चौकशीवाल्यानं विचारलं, "काय पाहिलंत?" आणि पाध्येंना सांगता आलं ते एवढंच, की दौत अदबीनं विचारते. बाकीच्या धरणांवरही दौतच आहे. ती तशीच ठेवायची असं ठरलं.

संध्याकाळी पंचायतीनं चारुशीलेकडे बाईंच्या निधनाची सूचना लिहायला दिली. कचेरीची सवय, तिनं दौतीत तारेच्या भाषेत लिहिलं, 'अनसूयाबाईंचं निधन परवा.'

दौत थांबली. नियमानं, अगदी तिनं शिकवलं होतं तसं, पडद्यावर ओळ उमटली:

'मागचा परवा, की पुढचा?'

 चारुशीलेनं दौत मिटली, कागद घेतला आणि हातानं लिहिलं.

झाली गोष्ट. उठण्याआधी एवढं करा. समोर मांजराशिवाय कोणी नसताना अख्खं कीर्तन करणारी एक म्हातारी होती, थेरवणची अनसूयाबाई. हिरवी खूण दिसून तुमचा जीव भांड्यात पडेल, तेव्हा तेवढी तिची आठवण काढा.